मोडलेले हाड आणि सुटलेली शाळा

(तृतीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लिहायचे म्हटले की बेकारी, परीक्षापद्धती, दुष्काळ, निवडणुका असे भारदस्त विषय चटकन हाताशी येतात. मी निवडलेला प्रश्न त्यांच्यापुढे किरकोळ वाटेल. चिंचेवरून पडून हात मोडलेले, सायकलवरून आपटून डोक्याला मार लागलेले सहा-सात वर्षांचे मूल पुन्हा शाळेत केव्हा पाठवावे, एवढाच तो प्रश्न आहे. 'बरे झाले की पाठवावे' हे उत्तर कोणीही देईल. पण बरे झाले म्हणजे नेमके काय झाले आणि ते कोणी ठरवायचे, असे विचारले की दर घरी वेगळे उत्तर मिळते. या गोंधळात कित्येकदा मुलाची शाळाच सुटते. म्हणून मला हा प्रश्न लहान वाटत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकते. हाड मोडलेल्या मुलाला आपण गरजेपेक्षा फार दिवस घरी ठेवतो आणि डोक्याला मार लागलेल्या मुलाला फार लवकर शाळेत धाडतो. व्हायला हवे ते याच्या उलट. असे होण्याचे कारण सरळ आहे. प्लॅस्टर दिसते, त्यामुळे त्याची दया येते. डोक्याच्या आतली इजा दिसत नाही, त्यामुळे टेंगूळ उतरले की आपण निर्धास्त होतो.

आधी हाडाचे पाहू. पाच ते आठ वर्षांच्या मुलांत कोपराच्या किंचित वरचे हाड मोडणे फार आढळते. पडताना मूल हात पुढे टेकते आणि सगळा भार तिथे येतो. लहान मुलाचे हाड मोठ्या माणसाच्या हाडापेक्षा लवकर जुळते. साध्या प्रकारात तीन-चार आठवड्यांत प्लॅस्टर निघते. हात गळ्यात बांधलेला असला तरी सूज आणि ठणका कमी झाल्यावर, डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर, ते मूल थोड्याच दिवसांत वर्गात बसू शकते. उजवा हात मोडला असेल तर लिहिता येणार नाही. पण ऐकता येते, पाढे म्हणता येतात, तोंडी उत्तरे देता येतात. मांडीचे हाड मोडून कमरेपासून प्लॅस्टर घातले असेल तर गोष्ट निराळी. त्या मुलाला उचलूनच न्यावे लागते, तेव्हा त्याचा अभ्यासच घरी गेला पाहिजे.

डॉक्टर गर्दीत घाईने सांगतात, "सहा आठवडे विश्रांती." ती विश्रांती हाताला सांगितलेली असते. घरी आल्यावर ती सबंध मुलाला लागू होते, आणि मग त्याच्या पाटी-पुस्तकालाही.

इथे हाडवैद्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. आपल्या भागात अजूनही पहिली धाव पुष्कळदा त्यांच्याकडेच असते. जवळ, स्वस्त आणि ओळखीचा माणूस म्हणून लोक जातात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण कामट्या घालून आवळून बांधलेल्या पट्टीने रक्तपुरवठा तुटला तर हाताचे स्नायू मरतात आणि बोटे कायमची आकसतात. बोटे पांढरी किंवा निळी पडली, सुन्न झाली, सरळ करताना मूल किंचाळू लागले, तर उद्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा. प्लॅस्टर निघाल्यावर आखडलेला कोपर जोराने चोळून, ओढून मोकळा करू पाहणे हेही घातक आहे. त्याने स्नायूत हाड धरते आणि कोपर अधिकच अडकतो. मुलाचा हात वापराने हळूहळू आपोआप सुटतो. पाटी पुसणे, दप्तर उघडणे, डबा खाणे हाही व्यायामच आहे, आणि तो शाळेत रोज घडतो.

डोक्याची गोष्ट वेगळी. मार लागल्यावर वारंवार उलट्या होणे, गुंगी येणे, झटका येणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसली तर मूल तातडीने रुग्णालयात न्यायला हवे, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण हे काही झाले नाही म्हणजे सारे ठीक, असे नाही. मेंदूला हादरा बसलेल्या मुलाचे डोके दुखते, उजेड आणि गोंगाट सोसत नाही, वाचलेले ध्यानात राहत नाही, ते चिडचिडे होते. पूर्वी अशा मुलाला अंधाऱ्या खोलीत दिवसच्या दिवस पडून ठेवीत. २०२२ साली ॲमस्टरडॅमला या विषयावर तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या निष्कर्षांनुसार पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती द्यावी आणि मग पायरीपायरीने नेहमीचे जीवन सुरू करावे. म्हणजे आधी घरी थोडे वाचन, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण दिवस. खेळ सर्वांत शेवटी, तोही डॉक्टरांनी होकार दिल्यावर. बहुतेक मुले महिनाभरात पूर्ववत होतात. पण त्या महिन्यात "लक्ष कुठे आहे तुझे?" म्हणून गुरुजींनी त्याला उभे केले, तर तो दोष कोणाचा?

आता आपल्या जिल्ह्याकडे वळते. २०२४ साली अहिल्यानगर झालेला आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. एका अंगाला अकोल्याचे डोंगर, दुसऱ्या अंगाला पाथर्डी-जामखेडचे कोरडे माळ. अस्थितज्ज्ञ मात्र शहरात किंवा तालुक्याच्या गावी. त्यामुळे 'दाखवायला नेणे' यात एक दिवसाची मजुरी बुडते. ज्या घरांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे असते, तिथे हा हिशेब आणखी कठीण होतो.

आमच्या गावातील दुसरीतल्या एका मुलीचे उदाहरण देते. दिवाळीच्या सुट्टीत तिचा कोपर मोडला. शाळा उघडल्यावर आई तिला घेऊन गेली, तर उत्तर मिळाले, "प्लॅस्टर निघाल्यावर पाठवा. पोरांनी ढकलले तर जबाबदारी कोण घेणार?" आई-बापांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती. आणखी महिनाभर थांबणे त्यांच्या हाती नव्हते. आजी थकलेली. शेवटी गळ्यात हात बांधलेली ती मुलगी ट्रॅक्टरवर बसून फडावर गेली. प्लॅस्टर तिकडेच कुठेतरी निघाले. हंगाम संपून कुटुंब परतले तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती. जूनमध्ये ती तिसरीच्या वर्गात बसली खरी, पण तिला दुसरीचे वाचता येत नव्हते. हाड सरळ जुळले. शिक्षण वाकडे झाले. तिला चार आठवडे वर्गात भिंतीकडेला बसू दिले असते, तर गावातल्या एखाद्या नातलगाकडे ठेवून जायला आई तयार होती. हे तिनेच मला सांगितले.

शाळेची बाजू मला कळत नाही असे नाही. एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतो, मधल्या सुट्टीत पन्नास मुले अंगणात सुटतात, आणि काही झाले तर पालक त्याच शिक्षकाला जाब विचारतात. ही भीती खोटी नाही. परंतु तिच्यावर उपाय मूल घरी बसवणे हा नव्हे. त्याला भिंतीकडेची जागा द्यावी, घंटेच्या पाच मिनिटे आधी सोडावे, दप्तर उचलायला एक सोबती नेमावा, मधल्या सुट्टीत गुरुजींजवळ बसवावे. यांतल्या एकालाही पैसा लागत नाही.

कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला त्याने शिक्षणाचा हक्क दिला. सलग महिन्याहून अधिक काळ गैरहजर राहणारे मूल आपल्या राज्यात शाळाबाह्य समजले जाते. म्हणजे दीड महिना घरी बसवलेले मूल या व्याख्येत बसते. पण त्याच्याकडे 'आजारी आहे' एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. शासनाची विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान योजना आहे, ती चांगलीच आहे. पण ती पैशाची भरपाई करते, बुडालेल्या दिवसांची नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक वर्षातून एकदा शाळेत येऊन मुले तपासते. जे मूल त्या दिवशी घरी आहे, ते त्यांच्या नजरेस कसे पडणार?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते असे मला वाटते. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि कित्येक दलित बायांना शिकवून त्यांनी आरोग्यसेविका बनवले. या कामासाठी १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथे कृत्रिम पायही तयार होऊ लागले. मला त्यातला महत्त्वाचा धडा असा वाटतो, की रोग्याच्या घराचा उंबरठा जिला ठाऊक आहे, तिच्या शब्दाला वजन असले पाहिजे. मूल पायरी चढू शकते का, शाळेची वाट किती खडकाळ आहे, संडासला त्याला कोण नेईल, हे शहरातल्या डॉक्टरांना कसे कळावे? ते आशाताईंना कळते.

म्हणून माझी सूचना अशी. दुखापत झालेल्या मुलाची शाळेत परतण्याची तारीख एकट्या डॉक्टरांनी, एकट्या गुरुजींनी किंवा एकट्या आईने ठरवू नये. डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी लिहाव्यात: काय करू द्यावे आणि काय करू देऊ नये. आशाताईंनी घर आणि वाट पाहावी. गुरुजींनी जागा आणि सोबती ठरवावा. आणि मुलालाही विचारावे. ठणक्याने झोप लागते का, संडासची अडचण सांगायला लाज वाटेल का, कोणाची भीती वाटते का, हे सहा वर्षांचे मूलही नीट सांगते. तोवर आठवड्यातून दोनदा वर्गातल्या एखाद्या मित्राने अभ्यास घरी पोचवावा.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील, आणि काहींचे आई-वडील आजच शिक्षक आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आपण सात दिवस एका गावात राहतो, रस्ते झाडतो, झाडे लावतो. यंदा त्यातली एक दुपार शाळेचा हजेरीपट घेऊन बसावे, असे मी प्राध्यापकांना सुचवते. सलग पंधरा दिवस गैरहजर असलेली नावे काढावीत आणि त्या प्रत्येक घरी जाऊन मूल का येत नाही ते विचारावे. एखाद्या ओसरीवर प्लॅस्टर घातलेले पोर भेटले, तर दुसऱ्या दिवशी त्याला हाताशी धरून शाळेत नेता येते का, हे आईला, आशाताईंना आणि गुरुजींना एकत्र बसवून तिथेच ठरवावे.