उतरायचे कुठे?

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या घरचा फोन वाजू लागतो. पलीकडून मुंबईचे, पुण्याचे कोणीतरी विचारते, "अष्टविनायकाला निघालोय. देवळाजवळ भक्तनिवासात उतरू की तुमच्याकडे शेतावर?" आमच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, म्हणून उत्तर ठरलेले असायला हवे. पण फोन मी घेतला की आण्णा कपाळाला हात लावतात. कारण मी उलट विचारते, "तुम्हाला पाहायचे काय आहे?"

ज्याच्याबरोबर थकलेली आई आहे, ज्याला पहाटेची आरती गाठून पुढे रांजणगावला जायचे आहे, त्याने ओझरला भक्तनिवासातच उतरावे. त्याला ऊसाच्या पाणंदीतून आमच्या वस्तीवर आणण्यात काय अर्थ? लेण्याद्रीला डोंगरावर मुक्काम नाहीच. पायथ्याशी राहायचे आणि तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या. गंमत अशी की गिरिजात्मज जिथे बसला आहे ते मुळात राहण्याचेच ठिकाण! मधे एकही खांब नसलेले दालन, भोवती वीस खोल्या. बौद्ध भिक्षू पावसाळ्यातला वर्षावास अशा विहारांत काढीत. जुन्नरच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. खोलीबरोबर पाणीही! आजच्या जाहिरातींत खोल्यांची चित्रे असतात, पाण्याविषयी कोणी बोलत नाही.

आमच्या घरातला तंटा याच पाण्यावरून आहे. 2018 मध्ये सरकारने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला, तेव्हापासून जो तो खोल्या बांधतो आहे. आण्णांनाही कर्ज काढून अर्धा एकर द्राक्षबाग मोडायची आहे. तिथे चार खोल्या आणि पोहण्याचा तलाव. मे महिन्यात आमची विहीर तळ दाखवते, तेव्हा तलाव कशाने भरणार? आण्णा म्हणतात, टँकरने. म्हणजे पाहुणे पोहणार, आणि आम्ही हंडे मोजणार!

दुसरी गोष्ट आईची. पाहुण्यांना मासवडी आणि बाजरीची भाकरी हवी असते. (नावाने फसून "आम्ही शाकाहारी आहोत" म्हणणारे दर खेपेला एक तरी निघतेच, बेसनाच्या आवरणात तीळखोबऱ्याचे सारण असते, हे मग समजवावे लागते.) दहा माणसांच्या मासवड्या थापायला आई पहाटे चारला उठते. आण्णांच्या वहीत तेल, बेसन, गॅस सगळे लिहिलेले असते. आईची मजुरी कुठल्याच रकान्यात नाही. ती लिहिली तर आमचा दर भक्तनिवासापेक्षा बराच वर जाईल. जाऊ द्या. शिवार पाहायचे आहे, तमाशाच्या नारायणगावची माणसे ऐकायची आहेत, त्याने वस्तीवर जरूर यावे, आणि तो दर द्यावा. मात्र अंधार पडल्यावर फिरायला जाऊ म्हणू नये. उसात बिबट्या असतो. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र काही शोभेसाठी उघडलेले नाही.

भीमाशंकरच्या बाबतीत मात्र माझे मत एकच आहे. मंदिर 1985 पासूनच्या अभयारण्यात आहे, तिथे शेकरूचे घर आहे. मुक्काम खाली घोडेगाव-डिंभ्याकडे आदिवासी वाड्यांत करावा, पहाटे वर जावे. हिरड्याच्या एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या घरात चार पैसे पडतील, आणि जंगलात आपल्यासाठी आणखी एक भिंत उभी राहणार नाही.

गेल्या रविवारी ठाण्याच्या एका बाईंचा फोन आला. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणाल्या. मी त्यांना ओझरला पाठवले. आण्णा संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत. रात्री वही काढून त्यांनी आईला विचारले, "एका जेवणाचे किती धरू?" आईने सांगितलेला आकडा त्यांना जास्त वाटला. अजून लिहिलेला नाही.