शंका म्हणजे श्रद्धा नव्हे

रमजानमध्ये मशिदीच्या हौदावर एखादा माणूस हातपाय धूतच बसलेला दिसतो. जमात उभी राहते, त्याचा वजू संपत नाही. वजूत प्रत्येक अवयव फार तर ३ वेळा धुवायचा. याला कितीदा धुतलं तरी ‘राहिलंच’ वाटतं. लोक त्याला परहेजगार म्हणतात, तो स्वतःला गुनहगार समजतो.

आपण याला वसवसा म्हणतो, डॉक्टर ओसीडी. सोवळ्याच्या अतिरेकातही कधी कधी हेच दुखणं लपलेलं असतं. शंकेने खात्री मोडत नाही, हा फिकहचा जुना नियम. पण आजारी मनाला खात्रीच लाभत नाही. त्याला आणखी उपदेश नको, मानसोपचार हवा. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. दवा घेतल्याने ईमान कमी होत नाही.