सायकल घ्यायची, पण उतार बघून

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की घराघरांत एक जुना हट्ट नव्याने डोकं वर काढतो. वह्या, दप्तर, छत्री यांच्या यादीत मुलं हळूच शेवटी एक ओळ घालतात : सायकल. आईवडील आधी ‘नाही’ म्हणतात, मग ‘बघू’ म्हणतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत एका संध्याकाळी सगळं कुटुंब दुकानात उभं असतं. तिथे रंग बघितला जातो, गिअर मोजले जातात, पुढचा ‘शॉकअप’ दाबून बघितला जातो. टायरकडे मात्र कुणी वाकून बघत नाही. ब्रेक दाबून बघतात, तोही सायकल स्टँडवर उभी असताना.

हे मी कुणाला नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मीही तसाच उभा होतो. माझी भाची तेव्हा आठवीत गेली होती. मामाने तरुणपणी बरीच सायकल हाणलेली, तेव्हा निवड मामाने करायची असं ठरलं. मोठ्या ऐटीत मी एक केशरी रंगाची सायकल पसंत केली. एकवीस गिअर, पुढे शॉकअप आणि ट्रॅक्टरसारखे खाचाखाचांचे जाडजूड टायर. कोकणातल्या रस्त्यांना असंच दणकट काहीतरी पाहिजे, असं माझंच वाक्य मला अजून आठवतं.

जूनचा दुसरा आठवडा. पहिला दमदार पाऊस पडून गेला होता. पोरगी सकाळी सड्यावरून खाली शाळेकडे निघाली आणि उताराच्या वळणावर घसरली. नशीब की मागून गाडी येत नव्हती. हनुवटीला चार टाके पडले. मी पोचलो तेव्हा ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, ‘‘मामा, मी ब्रेक दाबला होता. लागलाच नाही.’’ बहिणीने मला एका शब्दाने बोल लावला नाही, समोर चहा आणून ठेवला. तो चहा घशाखाली उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी ती सायकल घेऊन मी आमच्या नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलो. त्याने चाक फिरवलं, रिमवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘‘सायकलीत खोट काही नाही हो. पण ही आपल्या गावची सायकल नाही.’’ त्या वाक्याने मला जे शिकवलं, तेच आज वाचकांपुढे ठेवायचं आहे.

आपलं गाव म्हणजे काय, हे थिबा पॉइंटवर उभं राहिलं की एका नजरेत कळतं. वर जांभ्याचा सडा, खाली भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. सड्यावरून बाजारात आणि बाजारातून सड्यावर, हा रत्नागिरीकराचा रोजचा प्रवास. त्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. पुण्याच्या चौपट, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. डांबरी रस्ता संपला की वाडीपर्यंत तांबडी माती, पाखाडीवर शेवाळ, आणि बाराही महिने लोखंड खाणारी खारी हवा. असा रस्ता आणि अशी हवा असताना सायकलीत पहिला पैसा कुठे घालावा? माझं आता ठाम मत झालं आहे : आधी ब्रेक, मग टायर, मग चढ आणि अगदी शेवटी दिसणं. दुकानात आपण नेमके याच्या उलट क्रमाने जातो.

ब्रेकपासून सुरुवात करू. पुष्कळशा स्वस्त सायकलींची रिम चकचकीत मुलामा दिलेल्या स्टीलची असते. कोरडी असताना ती ठीक चालते, पण भिजली की ब्रेकची रबरं तिच्यावरून साबणासारखी सरकतात. ॲल्युमिनियमच्या रिमवर तीच रबरं ओल्यातही बरीच बरी पकडतात. म्हणून साधे ब्रेक असतील तर रिम ॲल्युमिनियमची घ्यावी आणि रबरं मऊ, चांगल्या प्रतीची बसवावीत. पावसाळ्यात रबरांत तांबडी माती रुतून बसते आणि कानसेसारखी रिम घासते, तेव्हा आठवड्यातून एकदा फडक्याने रिम आणि रबरं पुसायला हवीत. डिस्क ब्रेक पावसात जास्त भरवशाचे, यात शंका नाही. मात्र त्यांची तार वेळच्या वेळी ताणावी लागते आणि डिस्कवर तेलाचा थेंब पडला तर ब्रेक गेलाच म्हणून समजा. कुठलाही ब्रेक असो, मुलांना एक गोष्ट शिकवायलाच हवी : ओल्या उतारावर वेग येण्याआधी दोन्ही ब्रेक हळूहळू धरायचे. वेग आल्यावर एकदम करकचून दाबायचे नाहीत.

आता टायर. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. जितक्या खाचा खोल तितकी पकड घट्ट, असा माझा समज होता. चिखलात तो खराही आहे. पण ओल्या डांबरावर रबराचा जितका भाग रस्त्याला टेकेल तितकी पकड मिळते, आणि उंच गुठळ्यांच्या टायरचा फारच थोडा भाग टेकतो. वळणावर त्या गुठळ्या वाकतात आणि सायकल सरकते. मोटारीच्या टायरला खाचा लागतात, कारण तो रुंद आणि चपटा असतो. वेगात त्याच्याखाली पाणी साठून गाडी तरंगू शकते. सायकलचा टायर अरुंद आणि गोल असतो. नेहमीच्या वेगात तो पाणी आपणहून बाजूला सारतो. म्हणून आपल्यासारख्या गावात मधोमध जवळजवळ गुळगुळीत आणि कडांना बारीक गुठळ्या असलेला टायर उत्तम. डांबरावर मधला भाग चालतो, तांबड्या मातीत कडा उपयोगी पडतात. रुंदी म्हणाल तर दीड ते पावणेदोन इंच, म्हणजे ३८ ते ४५ मिलिमीटर पुरे.

गंमत बघा. सध्या परदेशात ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाच्या सायकलींचं मोठं वेड आहे. डांबर आणि कच्चा रस्ता, दोन्हीवर चालणारी सायकल. तिच्या टायरची रुंदी साधारण ४० मिलिमीटर असते. आपल्या आजोबांच्या काळ्या, उंच सायकलीच्या २८ इंची टायरवर बारकाईने बघा. ‘४०-६३५’ असा आकडा सापडेल. रुंदी तीच, चाळीस. दूधवाले आणि पोस्टमन ज्या टायरवर वर्षानुवर्षं फिरले, त्याच रुंदीकडे जग फिरून आलं आहे.

हे आकडे वाचायला शिकणं फायद्याचं आहे. पहिला आकडा टायरची रुंदी सांगतो आणि दुसरा रिमवर जिथे टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुकानात नुसतं ‘सव्वीसचा टायर’ मागितला की घोटाळा होतो, कारण जाड टायरच्या सायकलीचा सव्वीस म्हणजे ५५९ आणि साध्या लेडीज सायकलीचा सव्वीस म्हणजे ५९०. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. उलट ७०० आणि २९ अशी दोन वेगळी नावं असलेल्या चाकांचा दुसरा आकडा एकच, ६२२. तेव्हा जुन्या टायरवरचा आकडा कागदावर उतरवून न्यावा. टायर आणि मडगार्ड, टायर आणि चिमटा यांच्यात करंगळीचं टोक जाईल एवढी फटही हवी; नाहीतर तांबडा चिखल अडकून चाक जाम होतं.

आणखी एक. मागचा टायर लवकर झिजतो म्हणून नवा टायर मागे टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. माझं म्हणणं, पुढचा चांगल्या अवस्थेतला टायर मागे घ्यावा आणि नवा पुढे घालावा. मागचं चाक सरकलं तर सावरता येतं. पुढचं सरकलं की हनुवटीच टेकते. हवेचंही तसंच. टायरवर छापलेला हवेचा दाब ही शेवटची मर्यादा असते, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. चाळीस किलोच्या मुलीच्या सायकलीत दगडासारखी हवा भरली तर टायर रस्त्यावर नाचतो, पकड कमी होते आणि खडबडीत रस्त्यावर वेगही मिळत नाही. मात्र खड्ड्यात रिम आपटेल इतकी कमीही नको.

हवेच्या टायरचा जन्म कसा झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. तशी कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच नोंदवून ठेवली होती, पण ती मागे पडली. पुढे बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप नावाचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर खडखडत असे. त्यांनी रबरी नळीत हवा भरून ती चाकांना बसवली आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आज जगभर धावणारा सायकलचा टायर एका बापाने आपल्या पोरासाठी केलेल्या खटपटीतून आला आहे. आपल्याला तर शोध लावायचा नाही, फक्त दुकानात जरा वाकून बघायचं आहे.

चढाचा प्रश्न राहिला. चढ झेपला नाही की मूल सायकल सोडतं आणि ती जिन्याखाली गंजत पडते. घरात बिनगिअरची सायकल असेल तर नवी घेण्याआधी मागच्या फ्रीव्हीलचे दात मोजा. बहुधा ते अठरा असतात. पुढच्या चक्राचे चव्वेचाळीस धरले तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक सुमारे अडीच वेळा फिरतं. तिथे बावीस दातांचं फ्रीव्हील बसवलं तर ते दोनदाच फिरेल. सपाटीवर वेग थोडा कमी होईल, पण चढावर उतरून ढकलण्याची पाळी पुष्कळदा टळेल. खर्च किरकोळ असतो; चेनला एखाद-दुसरी कडी वाढवावी लागते, इतकंच. स्वस्तातला शॉकअप मात्र वजन वाढवतो, चढावर आपल्या पायातली ताकद खातो आणि खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजून अडकतो. ते पैसे लांब मडगार्ड, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा यांत घालावेत. जुलैच्या अंधाऱ्या सकाळी मागच्या ट्रकवाल्याला आपलं मूल दिसणं, याहून मोठी चैन नाही.

बाकी देखभाल आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतीच. गोड्या पाण्याने धुणं, पुसणं, चेनला तेल देऊन जास्तीचं टिपून घेणं, वर्षातून एकदा ओव्हरऑइल. चेनचे चोवीस सांधे बरोबर बारा इंच भरावेत. त्यावर एक सूत वाढलं की चेन बदलावी, नाहीतर ती दातेही खाऊन टाकते.

कुणी म्हणेल, रत्नागिरी हे सायकलीचं गावच नव्हे. आणि खड्ड्यांचं काय, मोकाट वाहनांचं काय? खरं आहे. हातखंब्याच्या महामार्गावर मी माझ्या भाचीला कधीच पाठवणार नाही. रस्ते नीट करणं हे ज्यांचं काम आहे त्यांना ते विचारलंच पाहिजे. पण रत्नागिरीत, चिपळुणात, दापोलीत आज सायकलस्वारांचे क्लब आहेत आणि हीच माणसं हेच घाट चढतात. तेव्हा गाव सायकलीचं नाही असं म्हणण्यापेक्षा, सायकल गावाची आहे की नाही ते पाहावं. सायकल सोडलेलं मूल पुढे घरी बसत नाही. नववी-दहावीतच ते परवाना नसताना घरातली स्कूटर बाहेर काढतं. ती काळजी याहून मोठी आहे.

शाळांना आणि पालक-शिक्षक संघांना माझी एक विनंती आहे. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक दिवस गावातल्या सायकलवाल्याला शाळेत बोलवा. प्रत्येक सायकलीचे ब्रेक आणि टायर तपासून घ्या. त्याची मजुरी सगळ्यांनी मिळून द्यावी. त्यालाही चार पैसे मिळतील. नाक्यानाक्यावरची त्यांची दुकानं झपाट्याने कमी होत आहेत आणि हे ज्ञान त्यांच्याबरोबर चाललं आहे.

आमच्या केशरी सायकलीच्या रिम बदलल्या, रबरं बदलली, टायर बदलले, मडगार्ड आणि दिवे आले. सगळा खर्च नव्या सायकलीच्या निम्म्यातही गेला नाही. मागच्या वर्षी पहिला पाऊस पडून गेल्यावर भाचीने मला त्याच उताराच्या पायथ्याशी उभं केलं. ती वरून निघाली. हनुवटीवरचा पांढरा वण मला लांबूनही दिसत होता, किंवा दिसतो आहे असं वाटत होतं. वळणाच्या आधी तिने ब्रेक धरले, चाकं जरासुद्धा सरकली नाहीत आणि माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन ती थांबली.

‘‘मामा,’’ ती म्हणाली, ‘‘लागला!’’