बटण दाबण्याआधी पॅकेज.जेसन वाचा

जावास्क्रिप्ट शिकणाऱ्या आणि पहिली नोकरी शोधणाऱ्या तुम्हा सगळ्यांना एक कळकळीची विनंती आहे. एनपीएम आणि बिल्डची साधने एडिटरला जरूर जोडून घ्या. पण एडिटर तुमच्या नावाने कोणती कमांड चालवतो आहे, हे स्वतः वाचल्याशिवाय त्याला काहीही चालवू देऊ नका.

अजूनही बरेच जण एका खिडकीत कोड लिहितात, दुसरीत बिल्ड चालवतात, आणि एरर आली की ओळीचा आकडा लक्षात ठेवून पुन्हा फाइल धुंडाळतात. व्हीएस कोडमध्ये याची गरज नाही. पॅकेज.जेसनमधल्या स्क्रिप्ट तो आपणहून ओळखतो. टास्क्स.जेसनमध्ये त्यातली बिल्डची स्क्रिप्ट नेहमीचे बिल्ड म्हणून नोंदवली की कंट्रोल-शिफ्ट-बी दाबले की झाले. त्याच नोंदीत ‘प्रॉब्लेम मॅचर’ द्या. टाइपस्क्रिप्ट आणि ईएसलिंटसाठी तो तयारच मिळतो. मग एरर ‘प्रॉब्लेम्स’ पॅनेलमध्ये येतात, आणि क्लिक केले की कर्सर थेट त्या ओळीवर जातो.

मूळ कमांड मात्र पॅकेज.जेसनमध्येच लिहा. टास्कने तिला फक्त हाक मारावी. सगळे पर्याय टास्क्स.जेसनमध्ये कोंबले, तर वेबस्टॉर्म वापरणाऱ्या तुमच्या सहकारी मैत्रिणीला त्यांचा उपयोग नाही, आणि सर्व्हरवरचे बिल्डही वेगळेच निघू शकते. आणखी एक गोष्ट सहज निसटते: एनपीएम रन प्रोजेक्टमधले टाइपस्क्रिप्ट वापरते, तर एडिटर सहसा स्वतःसोबत आलेले. दोन्ही आवृत्त्या वेगळ्या असल्या की स्क्रीनवर एकही लाल रेघ नसते आणि बिल्ड मात्र कोसळते. एडिटरला प्रोजेक्टचीच आवृत्ती वापरायला सांगा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले, ते. एनपीएम इन्स्टॉल म्हणजे नुसत्या फाइली उतरवणे नव्हे. पॅकेजसोबत इन्स्टॉलच्या वेळी चालणारी स्क्रिप्टही येऊ शकते, आणि तुमच्या फाइलींवर तुमचा जितका अधिकार, तितकाच तिचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये यूए-पार्सर-जेएस या लाखोंच्या वापरातल्या पॅकेजमध्ये पासवर्ड चोरणारा कोड घुसवला गेला, तो याच वाटेने. सप्टेंबर २०२५ मधला ‘शाई-हुलूद’ हा वर्म तर टोकन चोरून त्याच लेखकांच्या इतर पॅकेजांमध्ये स्वतःच पसरत गेला.

आणि नोकरी शोधणाऱ्यांवर तर नेम धरूनच हल्ले होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या संशोधकांनी उत्तर कोरियाशी जोडलेली एक मोहीम उघड केली. खोटा रिक्रूटर मुलाखतीची असाइनमेंट म्हणून रिपॉझिटरी पाठवतो. उमेदवार ती चालवतो आणि मशीन चोरांच्या ताब्यात जाते. पुढे याच पद्धतीच्या हल्ल्यांत टास्क्स.जेसनही वापरले गेले, कारण फोल्डर उघडताच सुरू होणारी टास्क त्यात लिहिता येते. नोकरीची आस लागलेल्या मुलामुलींना असे गाठणे मला फार नीच वाटते.

म्हणून अनोळखी फोल्डर उघडल्यावर ‘या फोल्डरच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का?’ असे एडिटर विचारतो, तेव्हा सवयीने ‘हो’ म्हणू नका. २०२१ पासून ही सोय तुमच्यासाठीच आहे. ‘नाही’ म्हटले तरी कोड वाचता येतो, टास्क मात्र चालत नाहीत. त्या वेळात पॅकेज.जेसनमधल्या स्क्रिप्ट वाचा, टास्क्स.जेसन असलेले डॉट-व्हीएसकोड फोल्डर उघडून बघा, ओळखीच्या पॅकेजच्या नावात एखादे अक्षर बदललेले नाही ना ते तपासा. इन्स्टॉल करताना ‘इग्नोअर-स्क्रिप्ट्स’ हा पर्याय द्या. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण प्रोजेक्ट चालवला की आतला कोड चालतोच. चालवणे भागच असेल, तर ज्यात तुमचे पासवर्ड आणि टोकन नाहीत अशा व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा.

समोरचा ‘कॉल चालू असतानाच रन करून दाखवा’ म्हणून घाई करू लागला, तर स्पष्ट नकार द्या. आणि असे काही आधीच चालवून बसला असाल, तर लाजेने गप्प राहू नका. ते मशीन नेटवरून तोडा, दुसऱ्या मशीनवरून एनपीएम, गिटहब आणि ईमेलचे पासवर्ड बदला, जुने टोकन रद्द करा, आणि ज्यांच्या प्रोजेक्टमध्ये तुमचा हात आहे त्यांना त्याच दिवशी कळवा.