मोजणाऱ्यांत आपली लेकरे हवीत

भूम तालुक्यातली मुलगी संख्याशास्त्रात बी.एस्सी. होते, पण जैवसंख्याशास्त्रात एम.एस्सी. कुठे करावी, हे सांगणारे घरात कोणी नसते. मग जाहिरातबाज शिक्षणसम्राटांची दुकाने तिला गाठतात.

मुंबईत देवनारला केंद्र सरकारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिथे जैवसंख्याशास्त्र व लोकसंख्याशास्त्राची एम.एस्सी. करता येते. १९९२-९३ पासूनची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणे याच संस्थेच्या देखरेखीखाली झाली. दलित बालकांचे कुपोषण, मातांचा रक्तक्षय सरकारदरबारी सिद्ध होतो तो अशाच आकड्यांनी.

परदेशी जायचे, तर राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीची विद्यापीठ-क्रमवारीची अट अर्जाआधी वाचा.

बंधू-भगिनींनो, इमारत पाहू नका. प्राध्यापक, फी आणि हाताळायला मिळणारी आकडेवारी पाहा. आपले दुःख मोजणारे हात आपलेही असले पाहिजेत!