रानभाजी आणि आपले ताट
पावसाळा सुरू झाला की अलिबाग-पेणच्या बाजारात कातकरी व ठाकूर भगिनी टाकळा, शेवळे, भारंगी, कंटोळी घेऊन बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाच्या आहारात रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या असाव्यात. परंतु ताटात काय पडते, हे सल्ल्यापेक्षा मिळकत आणि घरातील स्थान यांवर अधिक अवलंबून असते. रान जवळ असते तोवर या भगिनींच्या घरी भाजी शिजते. पावसाळ्यानंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले की तीच विकत घ्यावी लागते. सुशिक्षित घरांतही जेथे गृहिणी शेवटी जेवते, तेथे तिच्या वाट्याला बहुधा रस्साच उरतो. जुडीचा रास्त भाव घासाघीस न करता देणे आणि घरातील सर्वांनी एकाच पंगतीला बसणे, एवढा तरी आरंभ आपल्या कुटुंबांनी करावा.