टेकडीवरचे वन आणि टेकडीचे वन

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की आपल्या शहरांतून वृक्षारोपणाचा हंगाम सुरू होतो. फलक लागतात, फलकावर तुकोबांचा अभंग झळकतो, प्रमुख पाहुणे येतात. आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात रोप ठेवले जाते, छायाचित्रे निघतात आणि चहापानानंतर मंडळी आपापल्या घरी परततात. पुढील वर्षी नवे रोप लावण्यास तोच खड्डा रिकामा सापडतो, हा अनुभवही आता कोणाला नवा राहिलेला नाही.

या उत्सवी वातावरणापासून दूर, अगदी निराळ्या पद्धतीने चाललेले एक काम मात्र आवर्जून पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या वेताळ टेकडीवर, तळजाई-पाचगाव पर्वतीच्या वनात किंवा बाणेर-पाषाणच्या उतारांवर भर उन्हाळ्यात पहाटे जावे. पाठीवर वा हातात पाच लिटरचे पाण्याचे डबे घेऊन माणसे चढण चढताना दिसतात. कोणी निवृत्त झालेले, कोणी महाविद्यालयात शिकणारे, कोणी घरचा डबा करून बाहेर पडलेल्या गृहिणी. आपापल्या ठरलेल्या झाडाच्या आळ्यात पाणी ओतायचे, पालापाचोळा सारखा करायचा, जनावराने मोडलेले कुंपण बांधायचे आणि उतरून कामाला लागायचे. पुण्यात वर्षाकाठी जेमतेम सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. टेकडीवर मातीचा थर पातळ, त्याखाली मुरूम आणि कातळ. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की पुढचे सात-आठ महिने रोपाला जगवायचे ते या डब्यांनी. दोन-तीन उन्हाळे असे काढले तर रोप स्वतःच्या मुळांवर उभे राहते. या कामाला ना उद्घाटन असते, ना समारोप. नित्य उपस्थिती हाच त्याचा प्राण आहे, आणि सातत्याने काम करणाऱ्या कार्यकर्त्याला त्याचे मोल वेगळे सांगावे लागू नये.

तथापि या मंडळींच्या कष्टांचे कौतुक करून थांबणे हा या लेखाचा हेतू नाही. त्यांच्या कामातून जो प्रश्न पुढे आला आहे, तो अधिक महत्त्वाचा आहे. झाड लावायचे, पण कोणते? आणि जेथे लावायचे, तेथे मुळात काय होते?

काही दशकांपूर्वी उघड्याबोडक्या झालेल्या आपल्या टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून ठिकठिकाणी गिरिपुष्प लावले गेले. हेच ते ग्लिरिसिडिया. मूळचे मध्य अमेरिकेतले, फांदी खोवली तरी जगणारे, निकृष्ट जमिनीत वाढणारे, हवेतील नत्र मातीत आणणारे झाड. ते लावणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, आणि दूर शहरातून टेकडी हिरवी दिसू लागली हेही खरे. फेब्रुवारीत त्याला फिकट गुलाबी फुले येतात तेव्हा लोक हौसेने छायाचित्रे काढतात. परंतु त्याच्या दाट गर्दीत शिरून पाहावे. खाली गवत नाही, झुडपे नाहीत, पक्ष्यांचा वावर तुरळक. आपली गुरे त्याचा पाला सहसा खात नाहीत. त्याच्या बिया आणि साल उंदरांना मारक, म्हणून खेड्यापाड्यांत त्याला उंदीरमारी म्हणतात. नावातच लोकांनी पारख करून ठेवली आहे! झाडांची संख्या वाढली, परंतु वन उभे राहिले नाही.

मग टेकडीचे स्वतःचे वन कोणते? सालई, धावडा, मोई, गणेर, पांगारा, पळस, वारस, मेडशिंग, बहावा, काळा कुडा, खैर, हिवर, आपटा, बोर, आणि त्यांच्या सोबतीने हेंकळ, भारंगी यांसारखी झुडपे. ही पानगळीची झाडे आहेत. पाण्याचा ताण पडला की ती पाने टाकतात आणि तग धरतात. माघ-फाल्गुनात ती वाळल्यासारखी दिसतात आणि शहरी माणसाला वाटते की झाड मेले. त्याच वेळी निष्पर्ण पांगाऱ्यावर लाल आणि गणेरीवर पिवळी फुले उमलतात, मैना-बुलबुल मधासाठी गर्दी करतात. बारमाही हिरवे म्हणजेच जिवंत, ही समजूत आपण बागांमधून आणि चित्रांमधून उचलली आहे. दख्खनच्या पठाराचा तो स्वभाव नव्हे.

या बाबतीत आपले अज्ञान किती खोल आहे, याचा प्रत्यय दरवर्षी दसऱ्याला येतो. बाजारात आपटा म्हणून जी पाने विकली जातात, ती पुष्कळदा कांचनाची असतात. कांचनाचे पान मोठे आणि आपट्याचे लहान, जाडसर व खडबडीत, एवढा फरकही घेणाऱ्याला ठाऊक नसतो आणि विकणाऱ्याला सांगण्याची गरज वाटत नाही. ज्या झाडाला आपण वर्षातून एकदा सोने म्हणून परस्परांच्या हाती देतो, ते झाड आपल्या मुलांनी उभे असलेले पाहिले आहे काय?

देशी झाडे लावू म्हटले तरी रोपे मिळत नाहीत, ही स्वयंसेवी गटांची पहिली अडचण. रोपवाटिकांत गुलमोहर मिळतो, तो मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष मिळतो, तो दक्षिण अमेरिकेचा. सालई, मेडशिंग वा धावडा मागितला की मालक चेहऱ्याकडे पाहतो. त्यामुळे या मंडळींनी बिया गोळा करण्यापासून सुरुवात केली आणि त्यातून जे ज्ञान हाती आले, ते मोलाचे आहे. पळसाचे बी ताजे असतानाच मातीत जावे लागते, ते फार काळ टिकत नाही. बहाव्याचे बी इतके टणक की त्याचे कवच घासल्याशिवाय ते लवकर रुजत नाही. सालईचे बी फार कमी उगवते, म्हणून तिची फांदी लावणे बरे. पांगारा आणि मोई तर फांदीवरून सहज येतात. ही माहिती एकेकाळी शेताच्या बांधावर आणि गुराख्याच्या तोंडी होती. देवरायांच्या रूपाने गावोगावी बियांचे भांडारही राखलेले होते. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला, तेव्हा कुठे सुशिक्षित समाजाला कळले की देवाच्या नावाने राखलेल्या त्या तुकड्यांत आसपासहून नाहीशी झालेली झाडे टिकून आहेत.

आता दुसरा, अधिक अवघड भाग. गिरिपुष्पाचे काय करायचे? उत्साही तरुण म्हणतात, तोडून टाका. हा मार्ग आम्हाला घातक वाटतो. एकाच वेळी सारे तोडले तर माती उघडी पडेल आणि पहिल्याच वळवाने वाहून जाईल. शिवाय बुंध्यातून दुप्पट जोमाने धुमारे फुटतील ते वेगळेच. जाणकार गट त्याची विरळणी करतात, मोकळ्या झालेल्या जागेत देशी रोप लावतात, छाटलेला पाला त्याच रोपाच्या आळ्यात खत म्हणून घालतात. परके झाड असे देशी झाडाच्या चाकरीला लावण्यात शहाणपण आहे. मात्र झाडाची फांदी तोडायची म्हटली तरी १९७५ च्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. अन्यथा विरळणीच्या नावाखाली काय काय तोडले जाईल, हे सांगायला नको. कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन आले. वयाचा विचार झाला, संख्येचा झाला. टेकडीवरच्या पुनरुज्जीवनासाठी निराळी, सोपी आणि देखरेखीखालची पद्धत मात्र हवी आहे.

आणखी एक सत्य आहे, जे वृक्षप्रेमींना रुचणार नाही. टेकडीचा प्रत्येक मोकळा भाग झाडासाठी रिकामा नसतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासले. महानुभावांच्या चरित्रग्रंथांपासून लोकगीतांपर्यंतच्या त्या साहित्यात हिवर, खैर, पळस अशी विरळ झाडीच्या गवताळ प्रदेशातली झाडे वारंवार येतात. पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ माळ किमान साडेसातशे वर्षांपासून आहेत, जंगल तोडून झालेले ते उजाड रान नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लीळाचरित्राकडे आपण धर्मग्रंथ म्हणून पाहिले, भाषेचा ठेवा म्हणून पाहिले. त्यात आपल्या माळरानाची नोंदही सुरक्षित होती! याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. जेथे पावसाळ्यात कंदीलपुष्पासारख्या नाजूक वनस्पती उगवतात, चंडोल घरटी करतात, तित्तर ओरडतात, तेथे ओळीने खड्डे खणणे म्हणजे एक नांदते घर मोडून दुसरे बांधणे होय. अशा जागी उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून जाळरेषा काढाव्यात आणि बाकी काही करू नये. काही न करणे हेही काम असते, हे उत्साही माणसाला पटवून देणे सर्वांत कठीण.

हे सारे शक्य आहे काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. म्हणून पुण्याबाहेरचे एक उदाहरण देतो. हरियाणातील गुरुग्राम येथे अरवलीच्या कुशीत खाणींनी पोखरलेली सुमारे ३८० एकर जमीन होती. तिच्यावर विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ, माजली होती. ५ जून २०१० रोजी तेथील नागरिकांच्या ‘आय ॲम गुडगाव’ या गटाने महापालिकेच्या सहकार्याने काम हाती घेतले. विजय धस्माना यांच्या मार्गदर्शनाखाली अरवलीच्या उरल्यासुरल्या रानांतून बी आणून रोपवाटिका उभारली. धाऊ, सालई, पळस, कुलू यांची रोपे वाढवली आणि शाळकरी मुलांपासून कचेरीतल्या कर्मचाऱ्यांपर्यंत हजारो हातांनी ती लावली. दहा-बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, संरक्षित वनाबाहेरचे जैवविविधता जपणारे क्षेत्र म्हणून देशात पहिली मान्यता या उद्यानाला मिळाली. धनिकांच्या उंच इमारतींचे शहर म्हणून ज्याची ख्याती, तेथे हे घडले.

महाराष्ट्र शासनाने २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प सोडला आणि वृक्षारोपण घराघरात पोहोचवले, याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पुढे वाद झाला तो किती झाडे जगली याचा. कोणती लावली आणि कोठे लावली, याबद्दल विधिमंडळात वा वृत्तपत्रांत फारसे कोणी विचारले नाही. जून २०२० मध्ये केंद्राने नगर वन योजना जाहीर करताना पुण्याच्या वारजे येथील वनाचा आदर्श देशापुढे ठेवला. ४० एकरांची उजाड टेकडी लोकसहभागातून हिरवी झाली, ही अभिमानाची गोष्ट. त्याच पुण्यात समाविष्ट गावांमधील सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवरील जैवविविधता उद्यानाचे आरक्षण मंजूर व्हायला २०१५ साल उजाडले, आणि एप्रिल २०२३ मध्ये रस्ता व बोगद्यांच्या प्रस्तावांविरुद्ध वेताळ टेकडी वाचविण्यासाठी नागरिकांना पदयात्रा काढावी लागली. एका हाताने नगर वनाचा गौरव आणि दुसऱ्या हाताने नकाशावर टेकडीतून रेघ, हे कसे जुळावे? वाहतुकीची अडचण खरी आहे, ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु दहा उन्हाळे पाणी वाहून जगवलेली सालई बोगद्याच्या तोंडाशी येते तेव्हा तिच्या बदल्यात दुसरीकडे दहा रोपे लावू, हे उत्तर त्या माणसांना देणे उद्धटपणाचे आहे.

महापालिकांनी आणि वन विभागाने अशा गटांना एका दिवसाच्या कार्यक्रमाची परवानगी देण्याऐवजी दहा वर्षांचा करार द्यावा. कोणत्या पट्ट्यात झाडे, कोणत्या पट्ट्यात केवळ गवत, हे वनस्पतितज्ज्ञांकडून ठरवून नकाशावर आखून घ्यावे. उन्हाळ्यात टेकडीवर पाण्याची टाकी भरलेली ठेवावी. एवढ्याने निम्मे श्रम वाचतील. पालिकेच्या रोपवाटिकेत स्थानिक झाडांसाठी काही वाफे राखून ठेवावेत, त्याला फार निधी लागत नाही.

आणि आपण घरोघरी काय करू शकतो? वैशाख-ज्येष्ठात पळसाच्या चपट्या शेंगा झाडाखाली पडतात. सुटीत मुलांना घेऊन जावे, त्या वेचाव्यात, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून गॅलरीत रुजत घालाव्यात आणि तळाशी पाणी जाण्यास भोक पाडण्यास विसरू नये. रोप गुडघ्याइतके झाले की आपल्या टेकडीवरच्या गटाला नेऊन द्यावे. बी मात्र त्याच वर्षीचे हवे, आणि मृगाच्या आधी मातीत गेलेले हवे.